पॅन सादळू देऊ नका : ॲल्युमिनियम भट्टीवरच्या ड्रॉस पॅनची साफसफाई आणि निगा

चवथीची म्हणजे गणेशचतुर्थीची सुट्टी संपते, माणसं गावाहून परततात आणि आठवडाभर थंड पडलेली भट्टी पुन्हा पेटते. ॲल्युमिनियम वितळवण्याच्या कामात मला वर्षातला सर्वांत धास्तीचा वाटणारा दिवस हाच. भट्टीकडे त्या दिवशी सगळ्यांचंच लक्ष असतं. शेडच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या, सुट्टीभर कुणी हात न लावलेल्या ड्रॉस पॅनकडे, म्हणजे भट्टीतली मळी काढून ठेवायच्या जाड भांड्यांकडे, मात्र कुणाचं नसतं. बाहेर आठ दिवस भाद्रपदाच्या सरी कोसळलेल्या असतात, पत्र्याखालची हवा ओलीगच्च असते आणि पॅन दिसायला अगदी कोरडा असतो. बोट फिरवलं तरी ओल लागत नाही. डब्यातला पापड नुसता बघून सादळलाय हे कळत नाही, तो मोडावा लागतो. पॅन मोडून बघता येत नाही. त्यात सातशे अंशांचा माल पडतो, तेव्हाच कळतं.

माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मी ते कळताना पाहिलं. चवथीनंतरची पहिलीच पाळी होती. पॅनच्या तळाच्या भोकात जुन्या मळीचा बोळा बसला होता आणि त्यानं पाणी धरलं होतं. मळीचा पहिला झारा पॅनमध्ये पालथा केला, दुसरा केला, तिसऱ्याला ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला आणि रसाचे, म्हणजे वितळलेल्या धातूचे, थेंब छपरापर्यंत उडाले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या डिचोलीच्या दादांच्या बुटात एक थेंब शिरला. ते तीन महिने घरी बसून होते. बुटावरचं चामड्याचं आच्छादन बांधलेलं नव्हतं आणि पॅन साफ करून तापवलेला नव्हता, एवढंच काय ते चुकलं होतं.

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले, कुंकळ्ळी अशा औद्योगिक वसाहतींत, किंवा सावंतवाडी-दोडामार्गाकडून येऊन, जी मुलं भट्टीच्या कामाला नव्यानं लागतात त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पॅन साफ करण्याचं काम बहुधा नव्या हेल्परच्याच वाट्याला येतं, आणि ते का करायचं हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

मळी आणि पॅन

दुधावर साय धरते तशी वितळलेल्या ॲल्युमिनियमवर मळी धरते. कारखान्यात तिला ड्रॉसच म्हणतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, पण हवा लागून त्याचं जे ऑक्साइड होतं ते वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. म्हणून भट्टीत ते घनच राहतं, स्पंजासारखं, आणि स्पंजासारखाच चांगला रस पोटात धरून ठेवतं. मीठ म्हणजे फ्लक्स न टाकता काढलेल्या पांढऱ्या मळीत निम्म्याहून अधिक धातू सापडू शकतो. मीठ टाकून काढलेल्या काळ्या मळीत तो बराच कमी असतो.

हा अडकलेला रस निथळावा म्हणून पॅन असतो. जाड बिडाचं किंवा ओतीव पोलादाचं हे पसरट भांडं, भिंती वर जाताना बाहेर कललेल्या, तळाला भोक किंवा भोकं, आणि खाली निथळलेला रस झेलायला दुसरा साचा. मळी पॅनमध्ये पडल्यावरही तिच्यातला धातू हवेनं जळत राहतो. आधी लाल, मग नारिंगी आणि वेळेत आवरली नाही तर पांढुरकी धगधगते. असा जळलेला धातू परत मिळत नाही. म्हणून मळी पॅनमध्ये पडली की लगेच दाबायची, किंवा प्रेस नसेल तर घट्ट झाकण घालून हवा तोडायची. ज्या पॅनचं भोक चोंदलेलं आहे आणि भिंतीला मागच्या चार पाळ्यांची खरपुडी चिकटलेली आहे, त्यातून रस निथळणार कुठून? मालकाला घाणेरड्या पॅनचं नुकसान किलोत दिसतं, आपल्याला ते अंगावर दिसतं.

ओल कुठे कुठे लपते

हे नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी इथून निघते.

पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट जागा मागतं. उघड्यावर पडलेल्या थेंबाची वाफ निघून जाते. रसाच्या खाली कोंडलेल्या थेंबाला वाटच नसते, म्हणून तो रस उडवून बाहेर येतो. त्यात ॲल्युमिनियम स्वतःच पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं, तोही पेटतो. चमचाभर पाणी पुरतं.

गंज हे ओलीचं पहिलं घर. लोखंडाचा गंज पाणी आपल्यात बांधून ठेवतो आणि ते सोडायला त्याला दोनशे-तीनशे अंशांची आच लागते. शिवाय गंजातला ऑक्सिजन ॲल्युमिनियम हिसकावून घेऊ शकतं. रेल्वेचे रूळ जोडायला थर्मिट वापरतात तिथे हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात. गंजलेल्या साच्यात झालेला स्फोट साध्या ओल्या साच्यापेक्षा जास्त जोराचा होतो.

दुसरं घर म्हणजे मीठ. फ्लक्समध्ये साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून पाझरू लागतं. गोव्यात पावसाळाभर हवा बहुतेक वेळ त्याहून ओली असते. जूनमध्ये घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकते. पॅनच्या कोपऱ्यात राहिलेल्या मूठभर मिठाचंही तेच होतं. छपर गळत नसलं, खिडक्या बंद असल्या तरी होतं. 'साहेब, पॅन आतच होता, पाणी लागलंच नाही,' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो.

तिसरं म्हणजे एकदा ओली होऊन वाळलेली जुनी मळी. तिच्यावर पांढरी, भुसभुशीत पूड येते. तीही पाणी बांधून बसलेली असते, आणि नुसती गॅसच्या फुंकणीची आच दाखवून ते सुटत नाही.

यावरून क्रम ठरतो. आधी साफ, मग तापवणं. घाण तशीच ठेवून पॅन तापवला तर पृष्ठभाग कोरडा होतो, पोटातली ओल पोटात राहते. वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही इथे घाई करतात.

हात लावण्याआधी

कपडे सुती किंवा लोकरी, बाह्या पूर्ण. पॉलिस्टरचा शर्ट गरम थेंबानं वितळून कातडीला चिकटतो. चामड्याचे हातमोजे, तोंडावर शील्ड, बुटावर चामड्याचं आच्छादन, आणि पँट बुटात खोचलेली नको, बुटावरून खाली आलेली हवी. भट्टीजवळ चालू मळीचं काम असेल तर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला कोट. खरवडताना धूळ उडते, म्हणून मुखपट्टीही साधी कापडी नको, धूळ गाळणारी हवी.

पावसाळ्यात भिजलेला रेनकोट आणि गळती छत्री भट्टीच्या शेडमध्ये आणू नका. दाराबाहेर खुंट्या मारून घ्या. ओले बूट बदला. गरम पॅन थेट काँक्रीटवर ठेवू नका. काँक्रीटही पाणी धरतं आणि त्यावर रस सांडला तर तडकून ढलपे उडतात. खाली कोरड्या वाळूचा थर किंवा पोलादी स्टँड असू द्या. आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांना झाकणं हवीत, कारण वाळूसुद्धा सादळते. समुद्राची वाळू तर आणूच नका, तिच्यात मीठ असतं. जळत्या मळीवर पाणी, फेस किंवा नेहमीचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कधीच नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचा डी (D) वर्गाचा पावडर सिलिंडर, एवढंच.

खरपुडी काढणं

मळी पूर्ण निवल्याशिवाय पॅन पालथा करू नका. वरून राखाडी दिसणारा ठोकळा आत तासन्‌तास लाल असतो. फोर्कलिफ्टनं पॅन कलंडताना समोर कुणीही उभं राहायचं नाही, दोन्ही बाजूंनाही पुरेसं अंतर ठेवायचं.

निवू देण्याचा आणखी एक फायदा आहे. ॲल्युमिनियम निवताना लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आखडतं. मीटरभर लांबीचा शुद्ध ॲल्युमिनियमचा तुकडा सहाशे अंशांनी निवला तर सुमारे १४ मिलिमीटर आखडतो, लोखंड सातेक. म्हणजे पॅनला चिकटलेला थर निवता निवता आपणच भिंत सोडू पाहत असतो. भाताचं पातेलं उतरवून थोडा वेळ झाकून ठेवलं की खरपुडी अखंड सुटून येते, उकळत्यात उलथनं घातलं तर पातेलं खरवडलं जातं. इथेही तसंच. धीर धरला तर अर्धं काम फुकट होतं.

तरी चिकटून राहिलं तर छिन्नी किंवा हवेवर चालणारा चिपर घ्या, आणि पातं खरपुडी व भिंत यांच्या मध्ये तिरपं घाला. घणानं पॅनच्या भिंतीवर बाहेरून ठोकायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडा. बिडाचा पॅन त्या ठोक्यांनी तडकतो, पोलादाचा वाकतो, आणि ती चीर आज दिसत नाही. खरपुडी फारच हट्टी असेल तर त्या पॅनमध्येच काहीतरी बिनसलं आहे असं समजा. कोटिंग निघालं असेल, भिंत खडबडीत झाली असेल किंवा बाहेर हवा तेवढा कल उरला नसेल. घाव वाढवत बसण्यापेक्षा कारण शोधा.

गॅस कटरनं जाळून खरपुडी काढायचा प्रयत्न कुणी करत असेल तर तिथेच थांबवा. अर्धवट धातू, ऑक्साइड आणि ऑक्सिजनची धार एकत्र आली की विझवता न येणारी आग लागते.

पाण्यानं धुणं सर्वस्वी वर्ज्य. आपल्याकडे सगळं धुवायची सवय आहे, अंगण, होडी, स्कूटर, भांडी, म्हणून नवा मुलगा स्वच्छतेच्या चांगल्या हेतूनंच पाइप घेऊन येतो. त्याला रागावू नका, समजावून सांगा. मळीत ॲल्युमिनियम नायट्राइड असतं, पाणी लागलं की त्यातून अमोनिया सुटतो, नाक झोंबणारा तोच वास. कार्बाइड असेल तर मिथेन सुटतो, आणि धातूच्या बारीक कणांतून हायड्रोजन. बंद कोपऱ्यात हे वायू साठले तर ठिणगीची वाट पाहत बसतात. पॅनजवळ अमोनियाचा वास आला की पाणी कुठून आलं ते आधी शोधा.

कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवणंही टाळा. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत पसरली की तीच स्फोटक होते. मऊ झाडू आणि ठिणगी न पडणारं फावडं पुरतं, आणि जो कचरा निघेल तो झाकणाच्या कोरड्या पिंपात.

तळाचं भोक

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याचंच होतं. वरून हात पोचत नाही, खालून दिसत नाही. पॅन स्टँडवर आडवा करा आणि भोकातून टॉर्चचा उजेड पाहा. गोल, पूर्ण, धारदार कडेचा उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर बोळा आहे.

भोकाच्या मापाची एक सळई वेगळी ठेवा, टोक थोडं निमुळतं केलेली, आणि ती नेहमी आतल्या बाजूनं बाहेर ढकला, म्हणजे निघालेला तुकडा पॅनमध्ये परत पडत नाही. भोकाच्या कडा वर्षभराच्या वापरानं रुंदावतात, कारण ॲल्युमिनियमचा रस लोखंड हळूहळू विरघळवून नेतो. कडा खूप खाल्ली गेली असेल तर रसाबरोबर मळीचे तुकडेही खाली पडतात आणि निथळलेल्या धातूत लोह वाढतं. मग प्रयोगशाळेतून नमुना नापास होऊन येतो आणि दोष भट्टीवाल्यावर जातो.

खालचा साचा विसरू नका. पॅनला लावलेले सगळे नियम त्यालाही लागू. निथळलेला रस त्याच्यातच पडतो.

ब्रश, ग्राइंडर आणि गंज

मोठी खरपुडी निघाली की तारेचा ब्रश, आडवा-उभा, आणि कोपऱ्यांत जास्त वेळ. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या गोलाईत मीठ जमतं. राखाडी धातूचा पोत एकसारखा दिसेपर्यंत घासा.

ग्राइंडर लागलाच तर ॲल्युमिनियमची खरपुडी आणि लोखंडाचा गंज यांना वेगळ्या चकत्या वापरा. एकाच चकतीवर दोन्ही घासले तर ॲल्युमिनियमची भुकटी आणि गंजाची पूड एकत्र होते आणि ठिणगीही तिथेच असते. चकत्यांवर रंगाची खूण करा, नाहीतर दुसऱ्या पाळीतल्या माणसाला कळणार कसं?

किनाऱ्याकडच्या हवेत समुद्राचं मीठ असतं, त्यामुळे सांकवाळ किंवा वेर्ण्याच्या पठारावर उघडा ठेवलेला पॅन एका रात्रीत तांबूस होतो. तांबूस छटा म्हणजे आज घासायचं काम. खवले सुटेपर्यंत थांबलात तर ते काम चौपट होतं.

चिरा

पॅन दर पाळीला शंभरेक अंशांवरून सहाशे-सातशेकडे आणि परत खाली असा प्रवास करतो. बिडाला हे मानवत नाही, ते केसाएवढ्या चिरांनी जाळीदार होत जातं. ओतीव पोलाद जास्त सोसतं. पत्रे जोडून बनवलेले पॅन स्वस्त पडतात, पण ते लवकर वेडेवाकडे होतात आणि वेल्डिंगचे सांधे सुटतात. नवा पॅन घेताना तुमचं मत विचारलं गेलं तर ओतीव पोलादाचा मागा.

चीर शोधायला साफ केलेल्या पॅनवर लाल भेदक रंग आणि पांढरा डेव्हलपर मारायची पद्धत सर्वांत चांगली. जुने कारागीर रॉकेल आणि खडूनं हेच करत. रॉकेल चिरेत शिरतं, वरून खडू फिरवला की चीर ओल्या रेषेसारखी उमटते. कुठलीही पद्धत वापरा, पण तपासणीनंतर चिरेत शिरलेलं द्रव पूर्ण जाळून घालवा. ते आत राहिलं तर पाण्यासारखाच दगा देतं.

पृष्ठभागावरच्या उथळ, बारीक चिरा नोंद करून नजरेखाली ठेवता येतात. आरपार गेलेली चीर, कोपऱ्यात चढत जाणारी चीर, फोर्कलिफ्टचे दात जिथे शिरतात त्या खाचेजवळची किंवा उचलायच्या कानाजवळची चीर दिसली तर पॅन त्याच क्षणी बाजूला. लाल रंगानं फुली मारा. चिरलेला कान गरम मळीसकट सुटला तर खाली कोण उभं आहे हे तो पाहत नाही.

पोलादी पॅन दुरुस्त होतो. चीर मुळापर्यंत खोदून काढायची, पॅन दीड-दोनशे अंशांवर तापवायचा, ७०१८ सारख्या कमी हायड्रोजनच्या वेल्डिंगच्या काडीनं चीर भरायची आणि पॅन सावकाश निवू द्यायचा. इथेही गोव्याची हवा आडवी येते. ही काडी फार लवकर सादळते, म्हणून पुडा फोडल्यावर ती ओव्हनमध्येच हवी. उघड्या पुड्यातल्या काडीनं केलेला सांधा पुन्हा तडकतो. उचलायच्या कानाचं काम प्रमाणित वेल्डरशिवाय कुणाकडून करून घेऊ नका. बिडाच्या पॅनला मोठी चीर गेली तर माझं मत विचाराल तर तो भंगारात द्या.

कोटिंग

कोटिंग रसाला लोखंडापासून दूर ठेवतं. खरपुडी सहज सुटते, पॅन कमी खाल्ला जातो, धातूत लोह कमी मिसळतं. ग्रॅफाइटचे, ॲल्युमिनाचे, झिरकॉनचे, बोरॉन नायट्राइडचे असे तयार लेप मिळतात. बोरॉन नायट्राइड उत्तम पण महाग, म्हणून ते भोक आणि तळापुरतं वापरलं तरी चालतं.

काही ठिकाणी स्वस्तात म्हणून भिंतीला लावायच्या चुन्याची निवळीच पॅनला फासतात. मला ते पटत नाही. भिजवलेला चुना पाणी बांधून ठेवतो आणि ते पाचशे अंशांच्या आसपास सोडतो. आपण पॅन तापवतो दोनशेपर्यंत. मग उरलेलं पाणी केव्हा सुटणार? मळी पडल्यावर.

लेप पॅन गरम असताना द्या, हात ठेववत नाही इतपत, सव्वाशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान. थंड पॅनवर लेप ओघळतो आणि कोपऱ्यात साचतो. फार तापलेल्या पॅनवर थेंब तव्यावर नाचावेत तसे नाचतात, चिकटत नाहीत, आणि वाळल्यावर पापुद्रे निघतात. फवाऱ्यानं पातळ दोन हात मारा, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. जाड एक हात कधीच नाही. जिथे जुना लेप सुटला आहे तिथे आधी खरवडा, त्यावर नवा चढवू नका.

तापवणं आणि मोजणं

लेप सुकला म्हणजे पॅन तयार झाला असं नाही. गॅसच्या फुंकणीनं थंड पॅन तापवायला घेतला की पहिली काही मिनिटं तो उलट ओला होतो. एलपीजी जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड लोखंडावर दव धरते. ते थेंब ओघळून भोकात उतरतात. म्हणून दहा मिनिटं ज्योत दाखवली आणि झालं, असं करणं न तापवण्यापेक्षा वाईट.

आमच्याकडे नियम असा होता : पॅनच्या सर्वांत जाड जागी, म्हणजे बरगडीजवळ किंवा कोपऱ्यात, दोनशे अंश आले की तिथून पुढे अर्धा तास. पातळ भिंत लवकर तापते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. भट्टीच्या उंबऱ्याजवळ ठेवून सावकाश तापवलेला पॅन सर्वांत चांगला, कारण आच सगळीकडून आणि हळू लागते.

तापमान मोजायची बंदूक हातात असते, पण ती चकाकत्या धातूवर फसवते. गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा भट्टीची धग परावर्तित करतो आणि पॅन थंड असतानाही आकडा मोठा दाखवतो. लेप दिलेल्या किंवा खडबडीत जागेवर, भट्टीच्या तोंडाकडे पाठ असलेल्या बाजूला, जवळून मोजा. शंका आली तर ठराविक तापमानाला वितळणारा खडू मिळतो, त्याची रेघ ओढून पाहा. रेघ वितळली तर तापमान आलं. मला खडू जास्त भरवशाचा वाटतो.

तापवलेला पॅन अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ वाट बघत राहिला तर पुन्हा मोजा. जोराचा वारा आणि पावसाची झड शिरणाऱ्या शेडमध्ये तो भराभर निवतो.

आगोट

मे महिन्यात घराघरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलं जातं, मिरच्या, सुकी मासळी, कोकम, सोलं. मिठागरांतलं मीठ पाऊस पडायच्या आत झाकलं जातं. भट्टीच्या शेडचीही अशीच आगोट करायची असते, आणि ती पहिली सर येण्याआधी. पॅन ठेवायच्या जागेवरचे पत्रे तपासा, विशेषतः खिळ्यांची भोकं आणि पन्हळीचे सांधे. जमिनीपासून वीतभर उंच पोलादी घोडे करून घ्या. पॅन एकात एक घालून रचू नका, मध्ये हवा खेळत नाही आणि भिंतींत ओल कोंडते. प्रत्येक पॅन पालथा किंवा पुरता कलता ठेवा. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, त्याच्या आत घाम धरतो. जागा असेल तर भट्टीच्या पाठीमागची उबदार भिंत ही पॅनची उत्तम खोली.

फ्लक्सच्या पिशव्या लाकडी फळीवर, तोंड बांधून, आणि उघडलेली पिशवी घट्ट झाकणाच्या पिंपात.

खरवडून निघालेली मळी आणि धूळ शेडमागे टाकायची नाही. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत ॲल्युमिनियम उत्पादनातली मळी पहिल्या अनुसूचीत आहे. ती सहसा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याच ठिकाणी पाठवावी लागते. कागदाचं काम ऑफिसचं, पण ती कोरडी आणि झाकलेली ठेवणं आपलं. शेडमागे टाकलेली मळी पहिल्या पावसात अमोनिया सोडते आणि तिच्यातलं मीठ वाहून ओहोळात, कुळागरात, विहिरीत जातं. शेजारच्या वाड्यावरच्या लोकांना तो वास आणि ते पाणी सोसावं लागतं.

वही

रंगानं घातलेले नंबर आठवड्यात जळून जातात. पॅनच्या बाहेरच्या बाजूला वेल्डिंगच्या मण्यांनी नंबर उठवा, तो टिकतो. वहीत प्रत्येक पॅनला एक पान, आणि त्यावर साफ केल्याची तारीख, लेपाची तारीख, भोकाचं माप, चिरेची जागा आणि लांबी, आणि ज्यानं तपासलं त्याची सही. चिरेच्या दोन्ही टोकांना पंचचा ठिपका मारून ठेवा, पुढच्या वेळी चीर ठिपक्याच्या पुढे गेली का ते एका नजरेत कळतं. लिहायला दोन मिनिटं लागतात. ती पाळी संपवून बससाठी पळायच्या गडबडीत नाही, पॅन जागेवर ठेवतानाच लिहा.

चवथीनंतरची पहिली पाळी

सुट्टीला जाण्याच्या आदल्या दिवशी सगळे पॅन साफ करून, कोरडे, पालथे ठेवून जा. मीठ लागलेला एकही पॅन सुट्टीत मागे राहता कामा नये. परतल्यावर भट्टी पेटवायच्या आधी पॅन बघा. प्रत्येकाचं भोक टॉर्चनं तपासा, कोपरे ब्रशनं घासा, पांढरी पूड किंवा तांबूस डाग दिसला तर तो पॅन रांगेतून काढा. उरलेले एकेक करून तापवा, एरवीच्या दुप्पट वेळ. खालचे साचेही. झारे, सळया आणि पहारीही, कारण त्यांनाही आठवडाभर दव लागलेलं असतं आणि ती तर थेट रसात बुडतात.

पहिला झारा पालथा करताना तो अर्धाच भरा. पॅनपासून हात लांब ठेवून, तोंडावरचं शील्ड खाली ओढून, बाकी सगळ्यांना मागे सरकवून. मग थोडं थांबा. बुडबुडा, फुसफुस किंवा वाफेची रेघ दिसली तर दुसरा झारा घालू नका, मागे व्हा आणि तो पॅन निवेपर्यंत तसाच राहू द्या. काहीच झालं नाही, मळी नुसती पसरली आणि भोकातून रसाची चकचकीत धार खालच्या साच्यात उतरू लागली, तर पुढचा झारा पूर्ण भरायला हरकत नाही.